विश्लेषण : आजीच्या माळेतल्या गिनीवरचा घोडेस्वार कोण? मोडायला नेण्याआधी हे जाणून घ्या

सोन्याचा भाव चढला की घरातली जुनी पेटी उघडते. मुलीचे लग्न, मुलाची फी, घराचा हप्ता, पुनर्विकासात सोसायटी रिकामी करण्याची वेळ अशी कारणे वेगवेगळी असतात, वाट मात्र सराफाच्या पेढीकडेच जाते. कांदिवली पश्चिमेच्या चारकोपमध्येही वेगळे काही घडत नाही. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने इथे छोटे भूखंड आखून दिले आणि त्यावर लोकांनी घरे बांधली. त्या घरांतली पहिली पिढी आता सत्तरीत आहे. तिच्या पेट्यांतले दागिने नातवंडांच्या हाती येण्याचा हा काळ आहे.

या पेट्यांतून कधी कधी गिनीची माळ निघते, कधी पुतळीमाळ, कधी चांदीच्या राणीछाप रुपयांचा हार. गिनीवर एका बाजूला दाढीवाला राजा असतो आणि दुसऱ्या बाजूला राक्षसासारख्या प्राण्याला तुडवणारा घोडेस्वार. हा कोण, असे घरात विचारले तर उत्तर येते, ‘इंग्रजांच्या काळातले आहे’. पण हे उत्तर अर्धेच आहे. ही चित्रे कुठून आली, ती आपल्या गळ्यात कशी पोहोचली आणि माळ मोडण्याआधी काय तपासायला हवे, ते समजून घेऊ.

गिनी म्हणजे नेमके कोणते नाणे?

आपण ज्याला गिनी म्हणतो ते बहुतेक वेळा गिनी नसून ‘सॉव्हरिन’ हे ब्रिटिश सोन्याचे नाणे असते. खरी गिनी इंग्लंडमध्ये १६६३ पासून १८१४ पर्यंत पाडली जात होती. तिचे नाव पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी किनाऱ्यावरून पडले, कारण तिच्यासाठीचे बरेच सोने तिथून येत असे. १८१७ मध्ये तिची जागा सॉव्हरिनने घेतली. नाणे बदलले, तरी आपल्या बोलण्यात जुनेच नाव राहिले.

सॉव्हरिनचे वजन ७.९८८ ग्रॅम आणि व्यास २२.०५ मिलिमीटर असतो. सोने २२ कॅरेटचे, म्हणजे १२ भागांपैकी ११ भाग शुद्ध. त्यामुळे एका गिनीत ७.३२ ग्रॅम शुद्ध सोने भरते. हे मोजमाप गेल्या २०० वर्षांत बदललेले नाही. तमिळनाडूत आजही दागिन्यांचे सोने ‘सवरन’मध्ये आणि केरळमध्ये ‘पवन’मध्ये मोजतात. दोन्ही म्हणजे ८ ग्रॅम. हे माप सॉव्हरिनवरूनच आले आहे.

१८९९ च्या कायद्याने सॉव्हरिन भारतात १५ रुपयांना अधिकृत चलन झाले. म्हणजे ती सोन्याचा तुकडाही होती आणि खर्चता येणारा पैसाही. दागिना म्हणून तिची लोकप्रियता इथून समजते. सोनाराने घडवलेल्या डागाचा टंच तपासून घ्यावा लागे. गिनीवर मात्र सरकारचा शिक्का होता, आणि वजन व कस दोन्हीची हमी त्या शिक्क्यातच होती. हॉलमार्क येण्याच्या कितीतरी आधी राजाचे तोंड हाच सामान्य माणसाचा हॉलमार्क होता.

मग तो घोडेस्वार कोण?

तो सेंट जॉर्ज, इंग्लंडचा संरक्षक संत. घोड्याच्या टापांखाली आहे तो ड्रॅगन. दरवर्षी २३ एप्रिलला इंग्लंडमध्ये जॉर्जचा दिवस पाळला जातो.

गंमत अशी, की या ‘इंग्लिश’ चित्रात इंग्लंडचे फारसे काही नाही. परंपरेनुसार जॉर्ज हा रोमन सैन्यातला सैनिक. ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिला म्हणून इसवी सन ३०३ च्या सुमारास त्याला ठार मारण्यात आले, असे मानतात. तो इंग्लंडला कधीच गेला नव्हता. ड्रॅगनची गोष्ट त्याला पुष्कळ नंतर चिकटली. तेराव्या शतकातल्या संतकथांच्या एका प्रसिद्ध लॅटिन संग्रहात ती येते आणि तिचे ठिकाण आहे लिबिया. ड्रॅगनला रोज एक बळी द्यावा लागतो, राजकन्येची पाळी येते आणि परदेशी घोडेस्वार तिला सोडवतो, अशी ती कथा. बकासुर आणि भीमाची गोष्ट लहानपणी ऐकलेल्या कोणालाही ती लगेच कळेल.

चौदाव्या शतकात राजा तिसऱ्या एडवर्डने आपल्या सरदारांच्या मानाच्या मंडळासाठी, म्हणजे ‘ऑर्डर ऑफ द गार्टर’साठी, जॉर्जला संरक्षक केले आणि संत इंग्लंडचा झाला. नाण्यावरचे चित्र कोरणारा बेनेदेत्तो पिस्त्रुची हा रोममध्ये जन्मलेला इटालियन कोरीवकार. म्हणजे संत रोमन सैन्यातला, ड्रॅगन लिबियातला, कोरीवकार इटलीचा आणि नाणे ब्रिटनचे.

महाराष्ट्रातल्या घरात हे चित्र फारसे परके वाटण्याचे कारण नव्हते. देवघरातल्या खंडोबाच्या टाकावरही घोड्यावर बसलेला, शस्त्र उगारलेला वीर असतो. मणी आणि मल्ल या दैत्यांना मारणारा देव म्हणून त्याची ओळख आहे. दोन्ही चित्रांचा एकमेकांशी काही ऐतिहासिक संबंध नाही. पण वाईटाला तुडवणारा घोडेस्वार कळण्यासाठी इंग्रजी येण्याची गरज नव्हती.

मुंबईत पाडलेली गिनी असते का?

असते. ती ओळखायलाही सोपी आहे. पहिल्या महायुद्धात जहाज वाहतूक विस्कळीत झाली आणि सोने लंडनला नेऊन त्याची नाणी करून परत आणणे अवघड झाले. म्हणून १९१८ मध्ये लंडनच्या रॉयल मिंटची शाखा फोर्टमधल्या मुंबई टांकसाळीतच सुरू झाली. तिथे पंचम जॉर्जच्या मुखवट्याच्या सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडल्या गेल्या. १९१९ मध्ये ही शाखा बंद झाली. त्यामुळे मुंबईच्या जुन्या गिनीवर साल फक्त १९१८ असते.

घरी गिनी असेल तर घोडेस्वाराची बाजू वर करा. खाली साल दिसेल. सालाच्या बरोबर वर, ड्रॅगनच्या खालच्या जमिनीच्या पट्टीवर एक बारीक इंग्रजी अक्षर असू शकते. ‘आय’ असेल तर नाणे मुंबईचे, ‘एम’ मेलबर्नचे, ‘एस’ सिडनीचे, ‘पी’ पर्थचे, ‘सी’ कॅनडातल्या ओटावाचे आणि ‘एसए’ दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचे. अक्षरच नसेल तर नाणे साधारणपणे लंडनचे. जुन्या व्हिक्टोरिया छापांत अक्षराची जागा वेगळी असू शकते. फोनच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा केला की अक्षर नीट वाचता येते.

याच टांकसाळीत १९१८ मध्ये १५ रुपयांच्या सोन्याच्या मोहराही पाडल्या गेल्या. वजन आणि कस गिनीइतकाच, पण त्यावर जॉर्ज आणि ड्रॅगन नाही. पाठीवर १५ रुपये अशी किंमत आहे. जुन्या माळांत गिनी आणि मोहरा एकत्र ओवलेल्याही असू शकतात, म्हणून प्रत्येक नाणे वेगळे पाहावे. ‘आय’ अक्षराची सॉव्हरिन २०१३ पासून पुन्हा भारतात पाडली जाऊ लागली. रॉयल मिंटच्या परवान्याने एमएमटीसी-पॅम्प ही कंपनी ती बनवते. तेव्हा नुसते अक्षर पाहून भागणार नाही, साल पाहावे लागेल.

पुतळीमाळेतली पुतळी कोणाची?

नाण्याचा दागिना आपल्याकडे इंग्रजांच्या आधीपासून आहे. पेशवाईच्या काळात ‘पुतळी’ हे चालते सोन्याचे नाणे होते. त्याचे मूळ इटलीतले व्हेनिस. तिथे १२८४ पासून डुकाट नावाचे नाणे पाडले जाऊ लागले. वजन साडेतीन ग्रॅम आणि सोने जवळजवळ शुद्ध. मिरी, मसाले आणि कापडाच्या बदल्यात ही नाणी अरबी समुद्रातून पश्चिम किनाऱ्यावर येत राहिली. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचे प्रजासत्ताक संपवले. नाणे बंद पडले, पण आपल्याकडची मागणी थांबली नाही. स्थानिक सोनारांनी ठसे करून तशाच पुतळ्या पाडल्या. जुन्या माळांतल्या पुष्कळ पुतळ्यांवरची लॅटिन अक्षरे वाचता येत नाहीत, कारण ठसा करणाऱ्याने अक्षरे न वाचता फक्त त्यांचे वळण उतरवले.

मूळ नाण्यावर एका बाजूला चांदण्यांनी वेढलेला येशू आहे. दुसऱ्या बाजूला व्हेनिसचा प्रमुख गुडघे टेकून संत मार्ककडून ध्वजाची काठी घेतो आहे. मराठी घरांना त्यात दोन माणसांच्या आकृत्या, म्हणजे पुतळ्या दिसल्या आणि नाव तेच पडले. तमिळ मुलखात याच नाण्याला ‘शाणार काशु’ म्हणत. काठी म्हणजे माडाचे झाड आणि शेजारचा माणूस म्हणजे ताडी काढणारा शाणार, असे तिथल्या लोकांनी ते चित्र वाचले.

कोल्हापुरी साजात मासा, कासव, शंख, नाग, चंद्र अशी पाने असतात आणि प्रत्येक पानाला अर्थ असतो. बाहेरून आलेल्या नाण्यांना मात्र लोकांनी आपला अर्थ दिला. चित्र कोणी कोरले याने दागिन्याचा अर्थ ठरला नाही. तो ठरवला घालणाऱ्याने.

राणीछाप रुपया गळ्यात कसा आला?

सोने परवडत नसे, तिथे चांदी होती. व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याचा चांदीचा रुपया १८४० पासून पाडला जाऊ लागला. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक जुना तोळा. त्यातली जवळजवळ ९२ टक्के चांदी शुद्ध. वजन तोळ्याइतकेच असल्याने तराजूत वजनमाप म्हणूनही रुपया टाकता येई. नाण्याला कडी डाकली की दागिना तयार. लमाण, भिल्ल आणि इतर अनेक समाजांतल्या बायकांच्या गळ्यात असे रुपयांचे हार पिढ्यान्‌पिढ्या दिसतात.

या हारामागे हिशेबही होता. पीक चांगले आले की एक रुपया वाढवायचा, अडचण आली की एक काढायचा. पाटलीतून किंवा तोड्यातून थोडेसेच सोने काढून विकता येत नाही, माळेतून एक नाणे काढता येते. तीन लेकींत वाटणी करायची तर मोजून करता येते. ज्या काळात बाईच्या नावावर बँकेत खाते नव्हते, त्या काळात ही माळ तिच्या हक्काची बचत होती.

ही राणी म्हणजे निव्वळ शुद्धतेचा शिक्का होता, असेही नाही. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या देणगीतून १८७२ मध्ये मुंबईत व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा बसवण्यात आला. १८९६ मध्ये त्या पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घालण्यात आली. हे आपण केल्याचे दामोदर चापेकर यांनी पुढे आत्मवृत्तात लिहिले. चारकोपच्या खाडीपलीकडे गोराई-मनोरीत राहणाऱ्या ईस्ट इंडियन समाजाच्या नावातही या राणीच्या काळाची खूण आहे. १८८७ मध्ये तिच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली आणि इथल्या मराठीभाषक ख्रिश्चनांचे ते नाव रूढ झाले. एकच राणी. एकीकडे डांबर, दुसरीकडे समाजाच्या नावामागचा प्रसंग आणि तिसरीकडे गळ्यातला हार.

लोकांनी छापाकडे नीट पाहिले तर काय होते?

सरकारला त्याचा धडा १९११ मध्ये मिळाला. पंचम जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या मानाच्या साखळीत एक छोटासा हत्ती कोरला होता. सोंड आखूड दिसत असल्याने लोकांना तो हत्ती न वाटता डुक्कर वाटला. राजाच्या अंगावर डुक्कर असलेले नाणे हाताळण्यास, विशेषतः मुस्लिमांकडून, तीव्र नाराजी व्यक्त झाली. शेवटी ही नाणी मागे घेण्यात आली आणि १९१२ मध्ये सोंड स्पष्ट दिसेल असा नवा ठसा आला. १९११ चा रुपया संग्राहकांत आजही ‘पिग रुपी’ म्हणूनच ओळखला जातो. घरातल्या हारात पंचम जॉर्जचा रुपया असेल तर साल नक्की बघा.

ब्रिटनमध्ये अशी चिन्हे कोण घालते?

सध्या ऑनलाइन दुकानांत ‘ट्यूडर गुलाब’, ‘सेल्टिक गाठ’, ‘एक्सकॅलिबर तलवार’ अशी पेंडंट आपल्याकडच्या मुलामुलींनाही दिसतात. त्यातल्या काही चिन्हांमागे ठोस इतिहास आहे.

ट्यूडर गुलाब : पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी लँकेस्टर आणि यॉर्क या घराण्यांत लढाया झाल्या. १४८५ मध्ये सातवा हेन्री जिंकला. पुढच्या वर्षी त्याने यॉर्कच्या एलिझाबेथशी लग्न केले आणि लाल व पांढरा गुलाब एकत्र करून नवे चिन्ह तयार झाले. पहिली सॉव्हरिन याच हेन्रीने १४८९ मध्ये काढली आणि तिच्या पाठीवर हा गुलाब होता.

लकनबूथ : स्कॉटलंडमधले हृदयाच्या आकाराचे, बहुधा मुकुट असलेले ब्रोच. एडिनबराच्या सेंट जाइल्स चर्चजवळच्या कुलूपबंद दुकानांत ते विकले जाई, त्या दुकानांवरून हे नाव पडले. साखरपुड्याला आणि बाळाला दृष्ट लागू नये म्हणून ते देण्याची पद्धत होती. आपल्या काळ्या मण्यांच्या मनगट्यांसारखाच हा प्रकार.

लाल ड्रॅगन : वेल्सचे राष्ट्रचिन्ह. इंग्लंडच्या नाण्यावर ड्रॅगन मारला जातो आणि शेजारच्या वेल्समध्ये तोच प्राणी अभिमानाने अंगावर मिरवला जातो. एकाच देशात एकाच चिन्हाचे दोन अर्थ.

सापाचेही तसेच. प्रिन्स अल्बर्टने व्हिक्टोरियाला साखरपुड्यात दिलेली अंगठी सापाच्या आकाराची होती. त्या काळी तिथे साप हे न संपणाऱ्या प्रेमाचे चिन्ह मानत. आपल्याकडे साजातला नाग पूजेतून आलेला आहे. ऑनलाइन पेंडंट घेताना मागची गोष्ट वाचायला हरकत नाही, मात्र भाव गोष्टीवर न ठरता धातूवर ठरायला हवा.

मोडायला नेण्याआधी घरी काय तपासता येईल?

पहिली गोष्ट वजन. स्वयंपाकघरातला काटा यासाठी चालत नाही, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा लागतो. कडी नसलेली गिनी ७.९ ते ८ ग्रॅमच्या आत भरली पाहिजे. झिजलेली असेल तर किंचित कमी. कडी किंवा फ्रेम असेल तर वजन वाढेल आणि त्या कडीचे व डाकेचे सोने कमी कसाचे असू शकते.

दुसरी गोष्ट आकार. व्यास २२ मिलिमीटर, म्हणजे सध्याच्या एक रुपयाच्या नाण्याच्या जवळपास. वजन आणि आकार एकमेकांशी जुळले पाहिजेत. याच मापाचे पितळी नाणे केले तर ते चार ग्रॅमच्या आसपासच भरेल.

तिसरी गोष्ट घनता. आर्किमिडीजचा शाळेतला नियम इथे उपयोगी पडतो. नाणे आधी हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात बुडवून तोला. हवेतल्या वजनाला दोन वजनांतल्या फरकाने भागा. तांबे मिसळलेल्या २२ कॅरेट सोन्याचे उत्तर साधारण १७.५ ते १७.८ यायला हवे. म्हणजे अस्सल गिनीचे वजन पाण्यात सुमारे ०.४५ ग्रॅमने कमी भरते. उत्तर १५ किंवा त्याहून कमी आले तर सोन्याचा कस कमी आहे असे समजावे. कडी असेल तर हे उत्तर थोडे फसवे येते.

चौथी गोष्ट, दुकानातल्या कॅरेट मीटरची मर्यादा. क्ष-किरणांवर चालणारे हे यंत्र नाण्याला न कापता काही क्षणांत कस सांगते. पण ते वरचा अगदी पातळ थरच वाचते. जाड मुलामा असेल तर आतला धातू त्याला दिसत नाही. म्हणून यंत्राचा आकडा, वजन आणि घनता या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात का, ते पाहावे. शंका राहिली तर भारतीय मानक ब्युरोची मान्यता असलेल्या हॉलमार्क केंद्रात शुल्क भरून ग्राहक स्वतः तपासणी करून घेऊ शकतो.

चांदीच्या रुपयाबाबत एक सावधगिरी. १९४० च्या अखेरीस सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर, म्हणजे ५० टक्क्यांवर आणली. १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. त्यामुळे सहाव्या जॉर्जच्या नंतरच्या रुपयांना व्हिक्टोरियाच्या रुपयाचा भाव मिळत नाही. उलट ‘१८६२ चे दुर्मीळ नाणे’ असे कोणी सांगितले तरी भुलू नका. १८७४ पर्यंतच्या रुपयांवर तेच साल गोठवलेले होते, त्यामुळे १८६२ चे रुपये मुबलक आहेत.

व्हॉट्सअॅपवरच्या ‘रामदरबार’ नाण्याचे काय?

१८१८ साल, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि रामदरबाराचे चित्र असलेल्या ‘एक आण्याच्या’ नाण्याचे फोटो अनेक वर्षे फिरत आहेत. ते लाखोंना विकले जाते असा दावाही केला जातो. कंपनीने असे नाणे काढलेले नाही. मद्रास इलाख्यात कंपनीने विष्णूची आकृती असलेली सोन्याची छोटी होन-नाणी पाडली होती, हे खरे. पण सरकारने एक आण्याचे नाणे देशभरासाठी काढले ते विसाव्या शतकात, १९०७ च्या सुमारास. रामदरबाराचे हे पितळी नाणे देवस्थानांजवळ विकल्या जाणाऱ्या टाकांच्या प्रकारातले आहे. श्रद्धेने देवघरात ठेवायला हरकत नाही, पण नाणे म्हणून त्याला किंमत नाही.

कायदा काय सांगतो?

पुरावस्तू व कलासंपदा कायदा, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुने नाणे ‘पुरावस्तू’ ठरते आणि सर्वसामान्य व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ ची गिनीही आता या वयात आली आहे. परदेशातल्या लेकीला आजीची माळ पाठवण्याचा विचार असेल तर हे आधी लक्षात घ्या.

नाणी मोडून नवा दागिना घेणार असाल तर १ एप्रिल २०२३ पासूनचा नियम लागू होतो. दागिन्यावर बीआयएसचे चिन्ह, कस आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असायलाच हवा. तो ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकून पाहता येतो. काही प्रकारांना आणि दोन ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तूंना सूट आहे.

मग मोडावी की ठेवावी?

गरज असेल तर जरूर मोडावी. ही माळ केली होती तीच मुळी अडीनडीला उपयोगी पडावी म्हणून. पण सगळी माळ एकदम वितळवण्याआधी तीन गोष्टी कराव्यात.

एक, नाणी सुटी करून मोजा आणि प्रत्येकाचे वजन स्वतः लिहून ठेवा. गिनीत खडे नसतात, लाखही नसते, त्यामुळे घटीच्या नावाखाली मोठी कपात होत असेल तर कारण विचारा. वितळवण्याआधीचे वजन पावतीवर घ्या.

दोन, वितळवणे हा शेवटचा पर्याय ठेवा. अस्सल नाणे नाणे म्हणूनही विकता येते. भोक पाडलेल्या किंवा डाकलेल्या नाण्याचा संग्राहकांकडचा भाव उतरतो, तरी सोन्याचा भाव मिळतोच. चमकवण्यासाठी नाणी घासू नका, त्यानेही भाव पडतो. गरज दोन नाण्यांची असेल तर दोनच काढा, बाकीची माळेत राहू द्या.

तीन, विकण्याआधी प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे जवळून फोटो काढा. सोबत माळ कोणी केली, कोणत्या गावी, कोणाच्या लग्नात, हे घरातल्या सर्वात मोठ्या माणसाला विचारून फोनमध्ये लिहून ठेवा. सोने पुन्हा विकत घेता येते, ही माहिती मात्र त्या माणसाबरोबरच जाते.